पालथ्या ड्रमांचा पुरावा

तीर्थपुरीत कडूबाला दोन कामांसाठी बोलावणं येतं. कुणाच्या घराला गिलावा करायचा असला की, आणि कुणाच्या दारात गाण्याचा कार्यक्रम असला की. गिलाव्याला तो वेळेवर जातो. कार्यक्रमाला मात्र कितीतरी आधी जाऊन बसतो आणि मंडपवाल्यांना सूचना देऊन देऊन वात आणतो. भीमजयंती असो, बारसं असो, नव्या घरातली बुद्धवंदना असो, गायन पार्टीतला गाणारा बदलेल, पेटीवाला बदलेल, ढोलकीवर कडूबाच लागतो.

बुटका, रुंद खांद्यांचा, मिशीला न चुकता काळा रंग लावणारा माणूस. त्याला एकच खोड आहे. हसू आलं की ते त्याला दाबता येत नाही, आणि येतंही नको त्या ठिकाणी. लेकीच्या, पायलच्या सोयरिकीची बोलणी चालली होती तेव्हा व्याही फार गंभीर होऊन स्वतःच्या घराण्याबद्दल सांगत होते आणि त्यांच्या टोपीवर एक टोळ येऊन बसला. कडूबा जो हसत सुटला तो उठून बाहेर जावं लागलं. लग्न जमलं, ते जावई प्रितमलाही हसू फुटलं म्हणून. तेव्हापासून बायको कौसाबाई महत्त्वाच्या ठिकाणी त्याच्या हाताच्या अंतरावर बसते, म्हणजे कोपर मारता येतं.

असा माणूस जेलात कसा गेला, तर जेवायला थांबला म्हणून.

वडीगोद्रीकडचा एक कार्यक्रम उरकून पार्टी परत निघाली होती. हायवेवरच्या ढाब्यावर सगळे जेवायला बसले. शेजारच्या टेबलावर कुठली तरी बाहेरची माणसं आपसांत भांडायला लागली. आधी शिव्या, मग खुर्च्या, मग एकाचं डोकं फुटलं. भांडणारे गाड्यांत बसून पसार झाले. कडूबा तेवढा खाली पडलेल्या माणसाच्या डोक्याला आपला गमछा दाबून धरत बसला. पोलीस आले. "कुणी पाह्यलं?" म्हणून त्यांनी विचारलं. पार्टीतले सगळे ताटात बघायला लागले. कडूबा म्हणाला, "म्या पाह्यलं."

साक्षीदार म्हणून कागदावर गेलेलं त्याचं नाव आरोपींच्या ओळीत कसं घसरलं हे त्याला आजतागायत कुणी समजावून सांगितलेलं नाही. गमछ्यावर रक्त होतं, आणि दुसरं कुणी हाती लागलेलं नव्हतं, एवढं मात्र खरं. कलम मोठं लागलं. जामिनाची तारीख पुढं पुढं जात राहिली आणि कडूबा कच्चा कैदी म्हणून एका जेलात जाऊन पडला. जेलाचं नाव इथं घेत नाही. तिथल्या साहेबलोकांतही भली माणसं होती, ते पुढं येईलच.

आत जागेपेक्षा तिप्पट माणसं कोंबलेली. एकानं कूस बदलली की ओळीतल्या सगळ्यांना बदलावी लागे. पण कडूबा म्हणतो, त्याचं एवढं काही वाटलं नाही, पार्टीच्या जीपमध्ये ह्याच्यापेक्षा वाईट झोपलोय. हाल होते ते पाण्याचे. जेलातल्या बोअरची मोटर जळालेली होती आणि ती दुरुस्त होत नव्हती. अंगणातल्या एकुलत्या नळाला सकाळी करंगळीएवढी धार येई. तिच्यावर निळे प्लास्टिकचे ड्रम भरायचे, आणि ते भरायच्या आत रांग लागायची. दुपारी ड्रमाच्या तळाशी डबा खरवडल्याचा आवाज यायचा. संडासाला न्यायलाही पाणी उरत नसे.

त्याच बराकीत रखमाजी होता. कुंभार पिंपळगावचा म्हातारा धनगर. मेंढरं कुणाच्या तरी रानात शिरली, त्यावरून मारामारी झाली आणि रखमाजीची काठी कुणाला तरी जोरात लागली, अशी त्याची केस. आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलेलं, त्याचे गुडघे आता पार आखडलेले. रांगेत त्याला उभं राहता येत नसे. मागायचा तर त्याचा स्वभावच नव्हता. कडूबा आपल्या डब्यातलं निम्मं पाणी त्याच्या पुढ्यात नेऊन ठेवी.

"घ्या बाबा."

"तुला?"

"म्या पिऊन आलोय."

"खोटं बोलून राह्यला," रखमाजी म्हणे. "ओठ बघ तुझे." आणि दोन घोट घेऊन डबा परत सरकवी.

ह्या दोघांचं असं जमलं. कडूबा दिवसभर गोष्टी सांगायचा, रखमाजी त्यावर एखादा शब्द बोलायचा, आणि तो शब्दच कडूबाला हसवायला पुरायचा.

सव्वीस जानेवारी जवळ आली. बाहेरून कुणी मोठे साहेब झेंड्याला येणार होते. भिंतींना चुना लागला, अंगणात पांढरी फक्की ओढली गेली आणि कैद्यांचा काहीतरी सांस्कृतिक कार्यक्रम बसवा असा हुकूम निघाला. गाणारे दोघे-तिघे निघाले. वाजवायला काय, म्हणून शोधाशोध झाली. ढोलकी तर आत येणार नव्हती. कडूबानं अंगणभर नजर फिरवली आणि रिकामे पडलेले दोन निळे ड्रम ओढून आणले. पालथे घातले. बुडावर बोटं आपटून बघितली. एक जाड बोलत होता, एक बारीक.

"जमलं," तो म्हणाला.

त्या दिवशी त्यानं असं काही वाजवलं की झेंड्याजवळ ताठ उभे असलेले शिपाईसुद्धा टाचेवर हलायला लागले. कैदी नाचले. बसल्या जागी रखमाजीचे खांदे उडायला लागले. पाहुण्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि जाताना म्हणाले, "वा, इथं तर आनंदीआनंद आहे." हे सगळं भिंतीवरच्या कॅमेऱ्यात टिपलं जात होतं. तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कायदेशीर मदतीचं शिबिर म्हणून एक तरुण वकीलबाई जेलात आल्या. त्यांचं नाव वर्षाराणी. त्या मूळच्या अंबडकडच्या, जालन्यात वकिली करणाऱ्या. आवाज बारीक, पण शब्द तोलून बोलणाऱ्या. कैदी जमिनीवर बसले, भोवती शिपाई उभे राहिले, आणि बाईंनी विचारलं, "कुणाला काही अडचण आहे का?"

सगळे गप्प. शिपाई उभे असताना कोण बोलणार! वर्षाराणीनं पुन्हा विचारलं. तरी गप्प. बाई निघायला लागल्या तशी मागून एक आवाज आला.

"ताई, अडचण बिलकुल न्हाई. तुमच्या हातातली ती पाण्याची बाटली तेवढी हितं ठेवून जाता का?"

बोलणारा कडूबा होता. हसतच बोलला होता. पण वर्षाराणीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिनं हातातल्या बाटलीकडं पाहिलं, समोरच्या माणसांच्या ओठांकडं पाहिलं. बाटली कडूबाच्या हातात दिली. त्यानं झाकण उघडलं आणि ती सरळ रखमाजीकडं नेली. वर्षाराणी पुन्हा खाली बसली, वही उघडली आणि म्हणाली, "काका, आता नीट सांगा."

त्यातून हायकोर्टाच्या खंडपीठापुढं याचिका उभी राहिली. पाणी, संडास, जागा, डॉक्टर, अशा सगळ्यांबद्दल. याचिकाकर्ता म्हणून पहिली सही कडूबाची. "तुमच्यावर आत दबाव येईल," असं वर्षाराणीनं त्याला आधीच सांगितलं होतं. त्यावर तो म्हणाला, "आमच्यावर एवढी माणसं दबून झोपत्यात ताई, आनखी किती दबाव येणार?"

पुढं उन्हाळ्यात डोकं फुटलेला माणूस बरा होऊन जबाब द्यायला आला. कडूबाला बघून तो म्हणाला, "अरे, ह्यानं तर मला धरून ठेवलं, म्हणून वाचलो." कडूबाला जामीन झाला आणि मागाहून त्याचं नावच केसमधून निघालं. तीर्थपुरीत पार्टीनं वाजतगाजत त्याला घरी आणलं. कौसाबाईनं दारात भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि सगळ्यांदेखत त्याला दम भरला, "आता कुठं काय पाह्यलं म्हणून सांगू नका!"

इथं गोष्ट संपली असती. गावातल्या भल्या लोकांचा सल्लाही तोच होता. सुटलास ना, मंग कशाला त्या कोर्टाच्या भानगडीत? याचिका सोडून दे. कौसाबाईही तेच म्हणत होती. एका दुपारी जेवताना तिनं पुन्हा विषय काढला.

"तुमी सुटले ना? मंग आता कामून जाता खंडपीठात?"

कडूबा घास हातात धरून बसला. हसरा माणूस गप्प झाला की घर मोठं वाटायला लागतं.

"कौसा," तो म्हणाला, "रखमाजीबाबा आतच हाय गं. मी असताना त्याला निम्मा डबा भेटत व्हता. आता कोण देत असंल?"

 तारखेच्या दिवशी सकाळी त्याच्या पिशवीत भाकरी, ठेचा आणि पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या भरून ठेवलेल्या त्याला दिसल्या. एकीवर तिनं चिंधी बांधली होती, ती वकीलताईंची.

खंडपीठात मात्र गोष्ट सरळ नव्हती. जेलाच्या वतीनं शपथपत्र दाखल झालं होतं: पाणी मुबलक आहे, स्वच्छता उत्तम आहे, बंदी समाधानी आहेत. वर्षाराणी म्हणाली, ठीक आहे, मग दाखवा. अंगणात कॅमेरे आहेत. नळाच्या रांगेचं चित्रीकरण द्या, मोटरीचे कागद द्या, डॉक्टर कधी येऊन गेले ते द्या. आम्ही बघतो आणि मग बोलतो.

इथून ओढाताण सुरू झाली. पहिल्या तारखेला सरकारी वकील म्हणाले, हे चित्रीकरण सुरक्षेचा विषय आहे, बाहेर देता येणार नाही. पुढच्या तारखेला म्हणाले, द्यायचं म्हटलं तरी ते महिनाभरात आपोआप पुसलं जातं. त्याच्या पुढच्या तारखेला म्हणाले, ज्या पेटीत ते साठतं ती पेटीच नादुरुस्त आहे. कडूबा दर वेळी मागच्या बाकावर बसून ऐकायचा आणि बाहेर येऊन वर्षाराणीला विचारायचा, "ताई, एकच काहीतरी नक्की सांगत्याल का न्हाई?"

"काका, नक्की सांगितलं की ते तपासता येतं," ती म्हणायची. "म्हणून तर असं बोलतात."

तिलाही कंटाळा येत असे. बाकीचे वकील म्हणत, कैद्यांच्या नळासाठी इतकी पळापळ कशाला. पण कडूबा एसटीतून उतरून, मिशीला रंग लावून, हसत हसत पायऱ्या चढताना दिसला की तिची मरगळ जाई.

शेवटी न्यायमूर्तींनीच सुनावलं. बंदी समाधानी आहेत असं तुम्ही शपथेवर म्हणता, तर त्याला आधार म्हणून काहीतरी दाखवा. नुसतं म्हणू नका. तेव्हा जेलाच्या बाजूनं एक पेनड्राइव्ह दाखल झाला. कोर्टात काही दाखल केलं की त्याची एक प्रत समोरच्या वकिलाला द्यावीच लागते. तशी ती वर्षाराणीच्या हाती आली.

त्याच दिवशी कौसाबाई चष्म्याचा नंबर काढायला कडूबाबरोबर जालन्याला आली होती. पायल आणि प्रितमही सोबत होते. नवा चष्मा डोळ्यांवर घेऊनच कौसाबाई वकीलताईंच्या ऑफिसात शिरली. वर्षाराणीनं सगळ्यांना खुर्च्या दिल्या, लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, "बघू या तरी काय दिलंय."

पडद्यावर जेलाचं अंगण आलं. आवाज नव्हता, नुसतं चित्र. पांढऱ्या भिंती, झेंडा, नाचणारी माणसं. आणि मधोमध दोन ड्रमांवर ओणवा होऊन, मुंडी हलवत, एक बुटका माणूस.

"अगं बया!" कौसाबाई ओरडली. "हे तर हे हायेत!"

मग काय विचारता! पायल टाळ्या पिटायला लागली. प्रितम म्हणाला, "मामा, तुमी तर आत जाऊन हिरो झाले व्हते." कौसाबाई चष्मा पुसून पुन्हा पुन्हा बघत होती. नवरा आत असताना ती रोज रडली होती, आणि हा बाबा तिकडं असा उड्या मारत होता! तिला रागही आला आणि हसूही आवरेना. "आन मी हितं उपास धरून राह्यली व्हती!" असं म्हणून तिनं त्याला असं कोपर मारलं की तो खुर्चीसकट हलला. कडूबा स्वतः तर हसून हसून लाल झाला होता. मागं बसल्या बसल्या खांदे उडवणारा रखमाजी दिसला तेव्हा त्यानं पडद्याला हात लावला. "हे बघ कौसा, हे रखमाजीबाबा."

वर्षाराणीही हसत होती. हसता हसता थांबली. तिनं चित्र गोठवलं, आणि खुर्ची पुढं ओढली.

"काका, हे तुम्ही काय वाजवताय?"

"ड्रम. पाण्याचे. दुसरं काय व्हतं तिथं?"

"हे भरायचे ड्रम?"

"हां. तेच की. रोज रांग लागायची ते."

"आणि हे पालथे आहेत."

"मंग? सुलटे कसे वाजतील?" असं म्हणून कडूबा पुन्हा पडद्याकडं वाकला. मग त्यानं वर्षाराणीकडं बघितलं, वर्षाराणीनं त्याच्याकडं. तिनं पडद्याच्या कोपऱ्यातल्या तारखेवर बोट ठेवलं. सव्वीस जानेवारी. महिनाभरात पुसलं जातं म्हणाले होते, ते इतक्या महिन्यांनीही शाबूत होतं. गुप्त आहे म्हणाले होते, ते त्यांनीच आणून दिलं होतं. आणि चित्रातल्या अंगणात जितके ड्रम दिसत होते त्यांतल्या एकाच्याही तोंडाशी पाणी चमकत नव्हतं. काही भिंतीशी आडवे लोळत होते. एकात तर शिपायानं झेंड्याच्या उरलेल्या काठ्या उभ्या करून ठेवल्या होत्या.

"ताई," कडूबा हळूच म्हणाला, "ह्यांनी आपलंच काम केलं की."

"पायल," वर्षाराणी म्हणाली, "खालून सगळ्यांना चहा सांग. बिस्किटं पण सांग."

तारखेला कोर्टात गर्दी होती. कौसाबाईही आली होती, कडूबाच्या अगदी जवळ बसली होती. सरकारी वकील उठले आणि म्हणाले, हे बघा, बंदी आनंदात आहेत, नाचत आहेत, ह्याहून जास्त चित्रीकरण मागण्याचं कारण नाही. न्यायमूर्ती म्हणाले, लावा. कोर्टातल्या पडद्यावर ते लागलं. आवाजाविना सगळे नाचायला लागले. दोघा न्यायमूर्तींच्या चेहऱ्यावर हसू आलं.

मग वर्षाराणी उठली. 

"मला दोनच गोष्टी म्हणायच्या आहेत. अंगणातलं चित्रीकरण सुरक्षेसाठी गुप्त आहे, असं आम्हाला सांगितलं गेलं. हे त्याच अंगणातलं आहे. म्हणजे नाच असेल त्या दिवशी गुप्तता नाही, आणि रांग असेल त्या दिवशी गुप्तता आहे. दुसरं, महिन्यात सगळं पुसलं जातं म्हणाले. हे पुसलं गेलेलं नाही. तर पुसायचं काय आणि ठेवायचं काय, हे कुणी ठरवलं?"

सरकारी वकिलांनी कागद चाळले. ज्येष्ठ न्यायमूर्ती मात्र पडद्याकडंच बघत होते.

"हे ड्रम कशाचे आहेत?" त्यांनी विचारलं.

सरकारी वकिलांनी मागं वळून जेलाच्या अधीक्षकांकडं पाहिलं. अधीक्षक नवे होते, नुकतेच बदलून आलेले. खरं बोलणारा माणूस. ते म्हणाले, "पाण्याचे, सर."

"सगळे?"

"होय, सर."

"मग पाणी कुठं आहे?"

अधीक्षकांनी मान खाली घातली. तेवढ्यात मागच्या बाकावरून हसण्याचा आवाज आला. कौसाबाईनं कोपर मारलं, दुसऱ्यांदा मारलं, पण उशीर झाला होता.

"कोण हसतंय?" न्यायमूर्तींनी विचारलं.

वर्षाराणीनं डोळे मिटले. मग म्हणाली, "याचिकाकर्ते आहेत. पडद्यावर वाजवणारेही तेच आहेत."

न्यायमूर्तींनी पडद्याकडं पाहिलं, बाकाकडं पाहिलं. "उभे राहा. कशासाठी हसलात?"

कडूबा उभा राहिला. हात जोडले. हसू अजून ओठांवरून जात नव्हतं, पण डोळ्यांत पाणी आलं होतं.

"माफी असावी साहेब. आमी नाचून राह्यलो व्हतो हे खरं हाय. झेंड्याचा दिवस व्हता, आनंद झाल्ता. पन ड्रम भरलेले असते तर पालथे घातले नसते, सांडलं असतं ना. आन भरला ड्रम असा वाजतच न्हाई. सगळे रिकामे व्हते म्हनून तर माझा कार्यक्रम झाला."

आधी बाजूचा वकील हसला, मग कोर्टाचा कारकून, मग सगळं कोर्ट. सरकारी वकीलही कागदाआड हसत होते. ज्येष्ठ न्यायमूर्तींनी चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "वाजवता मात्र चांगलं."

"जय भीम साहेब," कडूबा म्हणाला आणि खाली बसला.

आदेश त्याच दिवशी झाला. चित्रीकरण साठवणारी पेटी, नादुरुस्त असेल तर नादुरुस्त, सील करून कोर्टाकडं द्यायची. त्यातलं जितकं निघेल तितकं जाणकाराकडून काढून घ्यायचं. मोटरीचे आणि डॉक्टरांच्या भेटीचे कागद याचिकाकर्त्याला द्यायचे. कोर्टानं नेमलेला माणूस जेलात जाऊन स्वतः बघेल. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, मोटर लगेच बसवायची. न्यायमूर्ती म्हणाले की पुराव्याचा वाद चालायचा तितका चालेल, पण तोवर माणसांना तहानलेलं ठेवता येणार नाही.

एक अट तेवढी घातली. चित्रात इतर बंद्यांचे चेहरे आहेत, त्यांचा आब राखायला हवा. म्हणून ते बंद खोलीत फक्त दोन्हीकडचे वकील बघतील. हे ऐकून कडूबाला प्रथमच कोर्टाचा राग आला.

"म्हंजे माझंच तोंड मलाच बघायला बंदी?"

"काका, सव्वीस जानेवारीचं पाहिलंत ना?"

"पन त्यानंतर म्या किती वेळा हसलो असंल, ते कोन बघनार?"

बाहेर व्हरांड्यात अधीक्षक स्वतःहून त्याच्याजवळ आले. कौसाबाई पदर सावरून मागं सरकली. अधीक्षकांनी कडूबाला चहा विचारला. दोघं टपरीवर उभे राहिले. "माझ्या आधीच्या साहेबांनी मोटरीसाठी वर किती वेळा लिहिलं होतं," ते म्हणाले. "आल्या दिवसापासून मीही लिहितोय. वरून काही हलत नव्हतं. ते कागद दाखवायची मला परवानगी नव्हती. आता कोर्टानंच मागितलेत. बरं झालं." त्यांनी कप ठेवला आणि कडूबाचा हात हातात घेतला.  कडूबा म्हणाला, "साहेब, एवढं करा, रखमाजीबाबाला नळाजवळची जागा द्या. गुडघे दुखत्यात त्याचे."

बंद खोलीतल्या चित्रीकरणात रांगा निघाल्या, आणि रिकाम्या हातांनी परत फिरणारी माणसं निघाली. कोर्टानं नेमलेल्या माणसाचा अहवालही तसाच आला. पुढं दुसरा बोअर झाला, मोठी टाकी बसली, बराकीमागं नळांची ओळ आली, संडास नवे झाले. गर्दीतले बरेच कच्चे कैदी जामिनावर सुटले, काहींना दुसरीकडं हलवलं. सगळं काही छान झालं असं कडूबा म्हणत नाही. डॉक्टर अजून रोज येत नाहीत आणि वर्षाराणी त्यासाठी अजून भांडते आहे. पण पाणी आलं.

आणि एके दिवशी दुपारी तीर्थपुरीच्या स्टँडवर रखमाजी उतरला. त्याचाही जामीन झाला होता. घरी जायच्या आधी तो कडूबाकडं आला. कौसाबाईनं बाज टाकली, पिठलं केलं, ज्वारीच्या भाकरी थापल्या. जेवून झाल्यावर शेजारपाजारची माणसं जमली आणि कडूबानं विचारलं, "बाबा, पाणी आलं तवाचं सांगा."

रखमाजी कधी इतकं बोलला नव्हता. त्या दिवशी बोलला.

"सकाळी टाकीचा आवाज आला. भडाभडा. कुनाला काय कळंना. मंग नळ उघडले. सगळे. एकदम. पोरं काय करत असत्याल? कोनी पेलं न्हाई, कोनी भरलं न्हाई. नळाखाली हात धरून उभी राह्यली नुसती. बघत. मंग एकानं डोक्यावर घेतलं. मंग जी नहायली, जी नहायली! शिपाई वरडला, ए, बंद करा, वाया जाऊन राह्यलं! वरडता वरडता त्याच्या तोंडावर कुनीतरी डबा उडवला. आमाला वाटलं आता काठी काढतो. तर त्यानं टोपी काढली आन मुंडी नळाखाली घातली."

"आन तुमी?" कौसाबाईनं विचारलं.

"मी बसून नहायलो. साहेबानं स्टूल दिल्तं." एवढं बोलून म्हातारा थांबला आणि त्याला कडूबासारखंच हसू आलं.

दुसऱ्या दिवशी कडूबा त्याला रिक्षानं कुंभार पिंपळगावला पोचवायला गेला. रखमाजीची सून दारात उभी होती, नातवंडं लाजून आत पळाली. म्हातारा कुणाशी न बोलता सरळ मागच्या वाघुरीकडं, मेंढरं कोंडायच्या जाळीच्या कुंपणाकडं गेला. तिथं मेंढरं बसली होती. त्यानं वाकून एकीच्या पाठीवर हात फिरवला, मग दुसरीच्या, मग तिसरीच्या. कडूबाला वाटलं, आता म्हातारा रडतो. 

रखमाजी ताठ झाला, वळला आणि सगळ्या वाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ही मेंढरं कोनी भादरली? बिलकुल अक्कल न्हाई! निम्मी लोकर तशीच ठिवली! कुठंय ती कातर? आन जल्दी!"

सून कातर आणायला धावली. कडूबा कुडाला टेकून हसत सुटला, आणि ह्या वेळी कोपर मारायला कौसाबाई तिथं नव्हती.